कात नागाची होती

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. ती कात धामणीची आहे असं मावशी कधीच म्हणाल्या नव्हत्या. ते मी म्हणालो होतो, आणि त्यांच्या नावावर खपवलं होतं.

मावशी कोण, हे आधी सांगतो. त्याशिवाय मी काय घालवलं ते कळायचं नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. भोसरीच्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो. तयार भाग हातात घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा, मापात बसला तर पुढे पाठवायचा, नाही बसला तर लाल रंगाचा ठिपका देऊन बाजूला ठेवायचा. दिवसभर हेच. वय पंचवीस. माणसाच्या बोलण्यावर फार विसंबू नये, मोजून घ्यावं, असं मला तेव्हा वाटायचं आणि मी ते बोलूनही दाखवायचो.

कारखान्याच्या आवारात गवत गुडघ्याच्या वर जायचं. ते कापायला ठेकेदार चार बायका पाठवायचा. मावशी त्यांतल्या एक. पंचेचाळिशीच्या, उंच, हातातला विळा कधी खाली न ठेवणाऱ्या. ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीत त्यांचं घर होतं. एकदा स्टोअरच्या मागे लोखंडी सळ्यांखाली सापाची कात निघाली. वॉचमन मागे सरला, स्टोअरकीपरने काडेपेटी मागवली. जाळून टाकू म्हणाला. मावशी गवतातून सरळ चालत आल्या आणि त्यांनी विचारलं, जाळून काय कळणार? मग त्यांनी पाण्याची बादली मागितली.

त्यांनी ती कात पाण्यात टाकली आणि आम्ही सगळे चहा पिऊन येईपर्यंत तशीच भिजू दिली. सुकी कात उलगडायची नाही, तुकडे होतात, हे मला त्या दिवशी कळलं. मग त्यांनी मांडीवर पदर पसरला आणि शेपटाकडून ती हळूहळू लांब केली. एवढी राकट बोटं, घट्टे पडलेली, पण त्या पातळ पापुद्र्याला कुठे चीर गेली नाही. आमच्याकडे शंभर रुपयांचं गेज हाताळताना पोरं याहून जास्त धसमुसळेपणा करायची.

"शेपटापासनं बघायचं," त्या म्हणाल्या. "तोंड आधी बघितलं की मानूस भितं. मंग त्याला फुडचं काय दिसत न्हाई."

त्या दिवशीची कात धामणीची होती. कशी, तेही त्यांनी दाखवलं. पोटावर आडव्या रुंद पट्ट्या असतात, त्या एका जागी संपतात. तिथून पुढे शेपूट. धामणीचं शेपूट लांबलचक, सगळ्या अंगाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. नागाचं आखूड. एवढी साधी खूण, आणि आमच्यातल्या एकालाही ती माहीत नव्हती. स्टोअरकीपर काडेपेटी खिशात घालून निघून गेला.

त्यानंतर दोनेक वर्षं मी मावशींकडून शिकत राहिलो. योग असा की मी ज्या सहा खोल्यांच्या ओळीत भाड्याने राहायचो, त्या खोल्यांच्या मालकांकडे मावशी सकाळ-संध्याकाळ गोठा झाडायला यायच्या. ओळ आळंदीच्या रस्त्यापासून आत, शेताच्या कडेला. पुढे अंगण, मागे गोठा, गोठ्याला लागून कडब्याची गंज. सापांना आणखी काय हवं? कात सापडली की बायका आधी मावशींना हाक मारायच्या, आणि मी घरी असलो तर मीही जाऊन बसायचो.

घोणशीची कात त्यांनी एकदा माझ्या मनगटावरून ओढली. कानशीसारखी खरखरली. प्रत्येक खवल्याच्या मधोमध बारीक उंचवटा असतो, तो डोळ्यांना नीट दिसत नाही, पण मनगटाच्या आतल्या बाजूला कळतो. मण्यारीच्या पाठीवर मधल्या रांगेतले खवले बाजूच्यांपेक्षा मोठे, ते त्यांनी उजेडात धरून दाखवले. हे त्यांना कुणी शिकवलं, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, लहानपणापासून गवत कापते, ज्याच्या घरात रोज हात घालायचा त्याची माहिती नको का? एवढंच. त्यात मिरवणं नव्हतं. कळत नसेल तेव्हा त्या स्पष्ट सांगायच्या, हे मला न्हाई वळखू येत. आमच्या खात्यात असं म्हणणारा साहेब मी पाहिला नव्हता.

आजूबाजूच्या वाड्यांतून त्यांना बोलावणी यायची. पाळणा हलवायचा, जुन्या भिंतीचा दगड काढायचा, आधी मावशीला दाखवा. आणि एक गोष्ट मी तेव्हा पाहत होतो, बोलत नव्हतो. ज्या घरांत मावशींच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्या घरांत त्यांचा शब्द चालत होता. त्यांनी 'हितं झोपू नका' म्हटलं की खाट हलायची. हा मान त्यांना कुणी दिला नव्हता, त्यांनी तो एकेक कात अचूक ओळखून मिळवला होता. त्यांच्याकडे दुसरं होतं तरी काय?

तो वैशाखातला रविवार होता. माझ्या शेजारच्या खोलीत एक कोकणातला फिटर राहायचा, त्याची बायको तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन माहेराहून नुकतीच आली होती. त्यांची खोली शेवटची, मागची खिडकी थेट गंजीवर उघडणारी, आणि मुलीची गोधडी त्या खिडकीखाली. कपडे वाळत घालायला गेलेल्या तिला गंज आणि भिंत यांच्या फटीत कात दिसली. शेपटाकडचा भाग एका दगडाखाली अडकून तुटलेला होता, तो आत गंजीत राहिला. बाकीची कात मी काठीने ओढून काढली.

मालक आले. गंज अख्ख्या वर्षाची होती. ती हलवायची म्हणजे चार गड्यांचं दिवसभराचं काम, आणि तिथे दुसरी जागाही मोकळी नव्हती. त्यांनी कातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मावशीला दाखवून या. ती म्हनंल तसं करू. हलवा म्हनली तर आत्ता गडी लावतो."

मावशी त्या दिवशी आळंदीला मुलीकडे निघाल्या होत्या. मुलीच्या बाळाचं बारसं होतं, चार दिवस राहणार होत्या. मी कात वर्तमानपत्रात गुंडाळून सायकल हाणली, आणि बसथांब्यावर त्या सापडल्या.

भिजवायला वेळ नव्हता. चहाच्या टपरीवरून त्यांनी पेलाभर पाणी घेतलं, बोटांनी शिंपडलं. भोवती माणसं जमली. शेपूट नाही हे बघून त्यांनी तोंडाने चक् केलं. मग पाठीवरून मनगट फिरवलं. गुळगुळीत. मग मानेपाशी आल्या आणि थांबल्या. कातीचं तोंड त्यांनी दोन बोटांत धरलं, ओठांजवळ नेलं आणि हलकी फुंकर घातली. मानेचा भाग फुगला, रुंद झाला, आणि तिथले खवले एकमेकांपासून सुटे होऊन मधली पांढुरकी कातडी दिसायला लागली. बाकी सगळीकडे खवले दाटीने होते. थांब्यावरचा एक म्हातारा आपोआप हात जोडून उभा राहिला. इतकं देखणं काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही क्वचित.

"नाग," मावशी म्हणाल्या. "तोंड कुनीकडं हुतं हिचं?"

मी सांगितलं, फटीतून बाहेरच्या बाजूला. म्हणजे तो बाहेर गेला असणार, असंही माझं मी जोडून दिलं.

त्या हसल्या. घामेजलेली चोळी अंगातून काढताना कशी उलटी होते, तशी ही उलटी झालेली असते, असं त्यांनी समजावलं. तोंड जिथे राहतं तिथून तो निघतो, आणि शेपूट पडतं त्या दिशेला जातो. "शेपूट गंजीत हाय ना? मंग त्यो बी गंजीत हाय. मालकास्नी म्हनावं आजच्या आज गंज हलवा. आन् त्या लेकराला तिथं निजवू नगा."

बस आली. कंडक्टरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "मावशे, ह्याचं अर्धं तिकीट काढायचं का पुरं?" सगळे हसले. मावशींनी कात माझ्या हातात परत दिली आणि चढल्या.

आता मी जे सांगणार आहे ते सांगायला मला वीस वर्षं लागली.

परतताना वाटेत बांधावर सायकल टेकवून मी खिशातला पोलादी टेप काढला. कात मोजली. पाच फूट आणि वर तीन बोटं, आणि त्यात शेपूट नव्हतंच. कारखान्याच्या वाचनालयातलं सापांवरचं एक छोटं पुस्तक मी वाचलेलं होतं. त्यात नाग सहसा किती लांब असतो ते दिलं होतं आणि धामण त्याहून लांब होते असं होतं. मी शेपटाची लांबी अंदाजाने मिळवली. सहा फुटांच्या वर गेली. इतका मोठा नाग? मापात बसत नव्हता. फुंकर घातली तर कुठलीही पिशवी फुगेल, असं मी स्वतःला सांगितलं. मावशी घाईत होत्या, शेपूट नव्हतं, चुकल्या असतील. कात अंगातून सुटताना ताणली जाते, अंगापेक्षा लांब होते, हे मला माहीत नव्हतं. रबराचा तुकडा ताणून मापू नये, हे मी नव्या पोरांना रोज सांगत होतो, आणि बांधावर बसून मी नेमकं तेच केलं.

चूक इथपर्यंत असती तर ती चूकच राहिली असती. पण मी अंगणात आलो तेव्हा मालक, फिटर, त्याची बायको, ओळीतली सगळी माणसं वाट बघत उभी होती. 'मावशी नाग म्हणतात, मला मात्र धामण वाटते' असं मी म्हणू शकत होतो. मग माझं कुणी ऐकलं नसतं. गंज हलली असती, दिवस गेला असता, आणि आतून धामण निघाली असती तेव्हा मला बरोबर ठरण्याचं सुख मिळालं असतं. पण मला ते सुख तिथेच आणि लगेच हवं होतं.

मी म्हणालो, "धामण आहे. मावशी म्हणाल्या."

एवढंच बोललो. मालकांनी सुटकेचा श्वास सोडला. फिटरची बायको हसली, धामण उंदीर खाते, बरंच झालं म्हणाली. गोधडीबद्दल मी काहीच बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मालकांच्या म्हशीची रेडी गोठ्यात आडवी पडलेली सापडली. दोन महिन्यांची, काळीभोर, ओळीतली सगळी मुलं तिला चारा भरवायची. तोंडाला फेस, पुढच्या पायाला सूज. दुपारच्या आत गेली. गडी लावून गंज उपसली, आणि तळाशी नाग निघाला. फणा काढून उभा राहिला. त्याला मारलं. मारल्यावर मी तो मोजला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी मोजला. शेपटासकट पाच फूट आणि थोडा वर. फिटरची बायको मुलीला छातीशी धरून दारात बसून होती. खिडकीपासून गंज दीड हातावर.

दगडाखाली कातीचं तुटलेलं शेपूटही सापडलं. मालकांनी ते माझ्याकडच्या कातीला लावून बघितलं. बरोबर बसलं. आणि ते आखूड होतं. शेपटाची खूण आता ओळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होती, मावशींनीच ती शिकवली होती. कात वेगळ्या सापाची असेल, असं म्हणायलाही जागा उरली नाही.

मावशी चौथ्या दिवशी दुपारी परतल्या. हातात नातवाच्या बारशाच्या घुगऱ्या होत्या, पळसाच्या पानांच्या पुडीत. मालक अंगणातच होते. ओळीतली माणसं बाहेर आली. मालक ओरडले नाहीत, हे त्याहून वाईट होतं.

"मावशे, तुझ्या शब्दावर मी गंज ठेवली," ते म्हणाले. "तू धामण म्हनलीस."

मावशींना काही समजेना. मग त्यांची नजर माझ्यावर आली आणि त्यांना समजलं. ते समजताना मी बघितलं.

"मी काय बोलले ते ह्यास्नी ठाव हाय," त्या म्हणाल्या. "ह्यास्नी इचारा."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "बस आली होती. घाई होती. कात तुटलेली होती. गडबड होऊ शकते माणसाची."

कुणाची गडबड, ते मी बोललो नाही. बोलायची गरजही पडली नाही.

मावशींनी घुगऱ्यांची पुडी ओट्यावर ठेवली. "आसंल," म्हणाल्या. त्यांनी भांडण केलं नाही, शपथ घेतली नाही, बसथांब्यावरच्या माणसांना साक्षीला आणलं नाही. मी त्यावर नंतर पुष्कळ विचार केला. वाटतं, त्यांना दिसलं असावं की एका बाजूला पँटशर्टातला, कंपनीत इन्स्पेक्टर असलेला माणूस आहे, आणि दुसऱ्या बाजूला त्या. निकाल काय लागणार हे त्यांनी कात वाचावी तसं वाचलं. दुसरा दिवस उजाडला तशा त्या नेहमीच्या वेळी गोठा झाडायला आल्या. फिटरच्या खोलीमागची फट त्यांनी कुणी न सांगता वाकून तपासली, दोन भोकं दगड-माती घालून बुजवली, आणि गेल्या.

पण बोलावणी थांबली. आधी एका वाडीतून, मग सगळीकडून. ओळीत पुन्हा कात सापडली तेव्हा ती जाळली. कुणीतरी हसत म्हणालं, मावशीला दाखवा, धामण म्हणेल. मी तिथे होतो. पावसाळा संपता संपता मावशी गवताचं काम सोडून चाकणच्या बाजूला, निघोज्याला भावाकडे राहायला गेल्या. मला सांगितलं ते त्यांच्याबरोबर गवत कापणाऱ्या दुसऱ्या बाईने.

पुढे माझं लग्न झालं, मुलगी झाली, चिंचवडला दोन खोल्यांचं घर बांधलं. ऐंशी सालानंतरची गोष्ट. मुलगी तीन वर्षांची असताना पाण्याच्या टाकीमागे कात सापडली. बायको म्हणाली, सर्पमित्र कुणी ओळखीचा आहे का बघा. मी कात ओल्या फडक्यात गुंडाळली आणि स्कूटर काढून थेट निघोज्याला गेलो. कातीचं निमित्त होतं. या वेळी बोलून टाकायचं, असं ठरवून गेलो होतो.

मावशी दारात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. केस पांढरे झालेले. त्यांनी मला लगेच ओळखलं, भावजयीला चहा टाकायला सांगितला, मुलाबाळांचं विचारलं. मी फडकं पुढे केलं. त्यांनी पाणी मागितलं, पदर पसरला, शेपटाकडून सुरुवात केली. तेच हात, थोडे कापरे झालेले. आता बारीक दिसत नाही म्हणाल्या, आणि डोळे मिटून बोटांनीच पोटाच्या पट्ट्या संपतात ती जागा शोधली. तिथून शेपूट सरळ करत करत नेलं. शेजारची दोन माणसं येऊन बघत उभी राहिली होती, अदबीने. म्हणजे इथे त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती. एकेक कात करत, या वयात. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"धामन हाय," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे तिला." मग डोळे उघडून त्यांनी विचारलं, "मोजली का?"

मी म्हणालो, नाही.

"बरं केलं," त्या म्हणाल्या आणि कात घडी घालून परत दिली.

आमच्यात त्या प्रसंगाचा उल्लेख झाला तो एवढाच. चहा पिऊन होईपर्यंत मी बोलायची वाट बघत राहिलो, कुणीतरी दुसरंच बोलणार असल्यासारखी. मग उठलो. निघताना त्यांनी मुलीसाठी शेंगा बांधून दिल्या, आणि मी त्या घेतल्या.

मावशी अजून निघोज्याला आहेत. डोळे जवळजवळ गेलेत असं ऐकतो. मालकही आहेत, त्या खोल्यांच्या जागी आता गाळे झालेत आणि ते सकाळी तिथेच खुर्ची टाकून बसतात. फिटर नोकरी संपवून गावी गेला, पण ओळीतली दोघं-तिघं अजून त्याच बाजूला राहतात. हे लिहिलंय ते त्यांच्यातला कुणी वाचेल याची मला खात्री नाही, आणि वाचलं तरी तेवढ्याने भागत नाही. मालकांसमोर, ती दोघं-तिघं ऐकत असताना, मावशींनी नाग सांगितला होता आणि धामण मी सांगितली, हे मी तोंडाने बोलायचं आहे. त्यानंतर निघोज्याला जाऊन, मी ते बोलून आलो, हे मावशींना सांगायचं आहे. या दोन्ही गोष्टी मी अजून केलेल्या नाहीत.